चाकांवरचं वन रूम किचन

तंबूत झोपायची हौस नाही, हॉटेलच्या खोलीत कोंडून घ्यायचं नाही आणि घरातल्या एकालाही मागे ठेवायचं नाही? मग अमेरिकन आरव्ही कॅम्पिंगचा फंडा समजून घ्याच. एक तळं, एक जंगल, एक समुद्र... सात रात्री, पाच माणसं आणि एक गाडी!

लाँग वीकेण्ड जवळ आला की प्रत्येक घरात दोन पार्ट्या पडतात. एक तंबूवाली. स्लीपिंग बॅग, शेकोटी आणि रात्रभर डास चावले तरी सकाळी 'काय सॉलिड फीलिंग आहे ना!' म्हणणारी. दुसरी रिसॉर्टवाली. एसी, रूम सर्व्हिस, बुफे ब्रेकफास्ट. यांचं भांडण ठरलेलं. पण घरात एक तिसरी पार्टीही असते, जी काहीच मागत नाही. ती फक्त म्हणते, "तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो."

आमच्या घरातली ही तिसरी पार्टी म्हणजे माझे सासू-सासरे. लातूरचे. २०२३ मध्ये ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आम्ही राहतो अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलॅण्डजवळच्या हिल्सबरोमध्ये. इथे इण्टेलचे मोठाले कॅम्पस आहेत, त्यामुळे किराणा दुकानात मागून कुणीतरी मराठीत बोललं तर दचकायला होत नाही. सगळं छान. पण आम्ही दोघं ऑफिसला, लेक शाळेत आणि आई-बाबा बाल्कनीत! त्यांना गाडी चालवता येत नाही आणि चालत जाण्याजोगं जवळपास काही नाही. अमेरिकेत आई-बाबांना बोलावलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. आपण त्यांना 'आराम करा' म्हणतो आणि ते पाहुण्यासारखे बसून राहतात.

बाबा तर प्रत्येक ट्रिपला नाही म्हणायचे. वय ७२, गुडघे कुरकुरणारे, डायबेटिस, त्यामुळे इन्सुलिन थंड ठेवायला हवं आणि रात्रीतून तीनदा उठावं लागतं. यातलं शेवटचं कारण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण खरी अडचण तीच होती. हायवेवर पुढचं स्वच्छतागृह किती मैलांवर, या एका प्रश्नापायी त्यांनी अख्खी अमेरिका कॅन्सल करून टाकली होती. परतीचं तिकीट ऑगस्टचं. एवढा लांबचा विमानप्रवास आता पुन्हा करणार नाही, असं दोघांनी आधीच जाहीर केलेलं. म्हणजे चान्स एकच होता, आणि तो जुलैमध्ये.

तेव्हा नवऱ्याने डोकं चालवलं. स्वच्छतागृह शोधत फिरण्यापेक्षा ते सोबत घेऊनच निघालो तर?

आरव्ही म्हणजे नेमकं काय?

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. सोप्या मराठीत, चाकं लावलेलं वन रूम किचन. यात ढोबळ तीन क्लास असतात. 'ए' म्हणजे भलीमोठी बसच, 'बी' म्हणजे सजवलेली व्हॅन आणि 'सी' म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर, ज्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग असतो. फॅमिलीसाठी बहुतेक जण 'सी' घेतात. आम्हीही तीच भाड्याने घेतली. मागे आई-बाबांचा पलंग, वर नवरा आणि लेक, आणि मी जेवणाच्या टेबलवर! घाबरू नका, ते टेबल रात्री खाली सरकवलं की त्याचा बेड होतो. गॅसची शेगडी, फ्रीज, सिंक, शॉवर, आणि बाबांच्या पलंगापासून चार पावलांवर टॉयलेट.

अमेरिकेत हे प्रकरण फार मोठं आहे. इण्डियाना राज्यातलं एल्कहार्ट हे शहर या गाड्यांच्या कारखान्यांसाठीच ओळखलं जातं. कोविडच्या काळात विमानं आणि हॉटेलं बंद पडली, तेव्हा लोक यांच्यावर अक्षरशः तुटून पडले. २०२१ मध्ये सहा लाखांहून जास्त आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, तो एक विक्रमच होता.

आणि ही एवढी मोठी गाडी चालवायला लायसन्स कुठलं? साधं कारचं! हे ऐकून बाबांचा विश्वासच बसेना. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. हेवी लायसन्स आणि बिल्ल्याशिवाय ज्या गाडीला कुणी हात लावू शकत नाही, त्या जातीची ही गाडी आपला आयटीवाला मुलगा चालवणार? ते कपडे बदलून खाली आले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, वाकून टायर बघितले आणि म्हणाले, "मी येतो. तुम्हाला जमायचं नाही हे."

पाच महिन्यांत पहिल्यांदा ते स्वतःहून 'येतो' म्हणाले होते.

स्टॉप पहिला : तळं

पहिल्या दोन रात्री डायमण्ड लेक. कॅस्केड पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर, उम्पक्वा नॅशनल फॉरेस्टमध्ये हे तळं आहे. एका बाजूला माउंट थिएल्सनचं सुईसारखं टोक, दुसऱ्या बाजूला माउंट बेली, आणि मध्ये काठाकाठाने लांबवर पसरलेलं कॅम्पग्राउण्ड. प्रत्येक साइटला एक लाकडी टेबल आणि शेकोटीची लोखंडी रिंग. जुलैमध्ये डासही भरपूर, आधीच सांगून ठेवते.

पोचल्यावर पहिलं काम काय? फोटो? नाही. गाडी लेव्हल करणं! आरव्हीतले बरेच फ्रीज गॅसवर चालतात आणि गाडी एका बाजूला कलती उभी राहिली तर ते नीट थंड करत नाहीत. इन्सुलिन त्याच फ्रीजमध्ये होतं, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी सीरियस होता. चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे ठेवायचे आणि गाडी इंच-इंच पुढे घ्यायची. बाबांनी फ्रीजमध्ये स्पिरिट लेव्हल ठेवली, खाली उतरले आणि डेपोत बस मागे घेतात तशी आरोळी दिली, "येऊ द्या... येऊ द्या... बास!" शेजारच्या साइटवरचे आजोबा कौतुकाने बघत होते.

दुसऱ्या दिवशी तिथून जवळच असलेलं क्रेटर लेक. खोली ५९४ मीटर, अमेरिकेतलं सर्वांत खोल तळं. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माउंट मझामा नावाच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला, डोंगराचा माथा आत कोसळला आणि त्या खड्ड्यात हे तळं साठलं. एकही नदी आत येत नाही, एकही बाहेर जात नाही. सगळं पाणी पावसाचं आणि बर्फाचं, म्हणूनच ते इतकं स्वच्छ आणि निळंशार. काठावरच्या रस्त्याने गाडी जाते, त्यामुळे बाबांना डोंगर चढावा लागला नाही. "म्हणजे आपल्या लोणारसारखं," ते म्हणाले. तसंच, पण कारण वेगळं. लोणार उल्केच्या आघाताने झालं, हे ज्वालामुखीने. त्या दिवशी आमच्या लेकीने आजोबांकडून लोणार समजून घेतलं आणि आजोबांना क्रेटर लेक समजावून दिलं.

संध्याकाळी डायमण्ड लेकच्या काठावर पिठलं-भात. आतल्या शेगडीवर फोडणी दिली की गाडीचा स्मोक अलार्म बोंबलायचा, म्हणून आईंनी स्वयंपाक बाहेरच्या टेबलवर हलवला. तिथला एक किस्साही ऐकण्यासारखा आहे. या तळ्यात टुई चब नावाचा बाहेरचा मासा शिरला आणि त्याने पाण्याची पार वाट लावली. १९५४ मध्ये आणि मग पुन्हा २००६ मध्ये सगळं तळं औषध टाकून साफ करावं लागलं आणि त्यानंतर ट्राउट मासे नव्याने सोडले. आज ते इतकं सुंदर दिसतं, त्यामागे ही एवढी मेहनत आहे.

टाकीचं गणित

आता त्या विषयाकडे येऊ, ज्याबद्दल ब्रोशरमध्ये कुणी लिहीत नाही. आरव्हीत तीन टाक्या असतात. पहिली फ्रेश, म्हणजे वापरायचं पाणी. दुसरी ग्रे, म्हणजे सिंक आणि शॉवरचं सांडपाणी. तिसरी ब्लॅक. नावावरून कळलंच असेल! ग्रे किंवा ब्लॅक भरली की विषय संपला. मग डम्प स्टेशन गाठून जाड पाइप जोडायचा आणि ती रिकामी करायची. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. सांडपाणी जमिनीवर सोडायला सक्त मनाई.

डायमण्ड लेक सोडताना नवऱ्याने ग्लोव्हज घातले आणि चेहरा असा केला, की जणू ऑपरेशन थिएटरमध्ये चाललाय. बाबांनी ते ग्लोव्हज काढून घेतले. दोन मिनिटांत पाइप जोडला, व्हॉल्व्ह उघडले, धुऊन परत जागेवर ठेवला. मागच्या गाडीतल्या माणसाला पाइप लावताना जमत नव्हतं, त्यालाही लावून दिला. बाबांचं इंग्रजी जेमतेम, पण पाना आणि पाइप यांची भाषा सगळीकडे एकच असते. तो माणूस थॅंक यू म्हणत हात मिळवायला आला, तेव्हा बाबांनी आधी स्वतःचे ग्लोव्हज उतरवले आणि दोघंही हसत सुटले. त्यानंतर रोज रात्री बाबांच्या डायरीत टाक्यांची नोंद व्हायला लागली. फ्रेश किती, ग्रे किती, प्रोपेन गॅस किती, गाडीचं रीडिंग किती. डेपोतलं लॉगबुक पुन्हा सुरू झालं.

स्टॉप दुसरा : जंगल

पुढच्या दोन रात्री कॅलिफोर्नियाच्या हद्दीत, जेडेडाया स्मिथ रेडवुड्स स्टेट पार्क. सीमा ओलांडताना कॅलिफोर्नियाचे शेती खात्याचे लोक गाड्या थांबवून फळं आणि रोपं आहेत का, ते विचारतात. लिंबू-संत्र्याच्या झाडांना मारणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही राहते, त्यामुळे कढीपत्ता सीमेपलीकडे न्यायचा नाही, हे आईंना मी आधीच सांगितलं होतं. परिणाम? डायमण्ड लेकच्या शेवटच्या जेवणात पोह्यांपासून ताकापर्यंत प्रत्येक गोष्टीत मूठभर कढीपत्ता!

रेडवुड म्हणजे जगातली सर्वांत उंच झाडं. याच रेडवुड नॅशनल अॅण्ड स्टेट पार्क्सच्या पट्ट्यात ११५ मीटरहून उंच 'हायपेरियन' आहे. त्याच्या बुंध्यापाशी गर्दी करून लोकांनी जमीन तुडवली, म्हणून आता तिथे जायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. तोडणीपूर्वी जेवढं जुनं रेडवुड जंगल होतं, त्यातलं सुमारे पाच टक्केच आज उरलंय. १९८० पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आमची गाडी त्या झाडांखाली उभी होती आणि लेकीच्या चित्रातल्या काडेपेटीएवढी दिसत होती.

कॅम्पग्राउण्डला लागूनच स्मिथ नदी. पाणी हिरवट काचेसारखं. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या नद्यांपैकी हिच्यावर एकही धरण नाही. जवळचा स्टाउट ग्रोव्ह बघायचा तर हाउलॅण्ड हिल रोड कच्चा आणि अरुंद, तिथे आरव्ही न्यायची नसते. आम्ही नदीकाठच्या सपाट वाटेवरच रमलो. बाबा दर पंधरा मिनिटांनी एखाद्या आडव्या पडलेल्या खोडावर बसायचे आणि ते खोड बसलेल्या बाबांच्या डोक्याहून उंच भिंतीसारखं मागे पसरलेलं असायचं.

मात्र या कॅम्पग्राउण्डमध्ये हुकअप नाही. हुकअप म्हणजे साइटवरच वीज, पाणी आणि ड्रेनेजचं कनेक्शन. इथे यातलं काहीच नाही. टाकीत दीडशे लिटर पाणी, पाच माणसं, दोन रात्री. इथे सूत्रं आईंच्या हातात गेली.

मी पुण्याची. नळ सोडून भांडी घासायची सवय. मागून आवाज आला, "एवढं पाणी कशाला सांडायलीस?" २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आईंनी ते घरात बघितलंय. त्यांनी नियम लावले. भांडी आधी कागदाने पुसायची, मग छोट्या टबात धुवायची. आंघोळ कॅम्पग्राउण्डच्या शॉवरमध्ये. दात घासायला एक पेला. टॉयलेटमध्ये छोटा तांब्या, कारण आपल्या सवयीने पाणी वापरलं तर ब्लॅक टाकी लगेच भरते. दोन रात्रींनंतर बाबांच्या डायरीत नोंद होती : फ्रेश, एक तृतीयांश शिल्लक. बॉस, आमच्या ऑफिसात कुठल्याच प्रोजेक्टचं बजेट असं शिल्लक राहिलेलं मी बघितलेलं नाही!

स्टॉप तिसरा : समुद्र

मग हायवे १०१ ने समुद्र डावीकडे ठेवत उत्तरेकडे. अंतर मोठं आहे, एका दिवसात करू नका. आम्ही फ्लॉरेन्सजवळ वाळूच्या डोंगरांपाशी एक रात्र थांबलो आणि मग राज्याच्या वायव्य टोकाला, कोलंबिया नदीच्या मुखाजवळच्या फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्कला दोन रात्री. पाचशेच्या आसपास साइट्स असलेलं हे कॅम्पग्राउण्ड म्हणजे एक गावच. पोरं सायकलवर, कुत्री साखळीला, आणि प्रत्येक दारासमोर घडीच्या खुर्च्यांचा गोल. इथे फुल हुकअप! वीज जोडली, पाणी जोडलं आणि आईंनी जाहीर केलं, "आज सगळे पोटभर पाणी वापरा."

इथल्या किनाऱ्यावर 'पीटर इरेडेल' या जहाजाचा सांगाडा आहे. चार डोलकाठ्यांचं हे पोलादी जहाज २५ ऑक्टोबर १९०६ ला वाळूत रुतलं आणि शंभर वर्षांहून जास्त काळ तिथेच गंजत उभं आहे. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४२ मध्ये, जपानी पाणबुडीने याच फोर्ट स्टीव्हन्सवर तोफा डागल्या होत्या. पार्किंगपासून जहाज जवळ आहे, त्यामुळे बाबा काठी टेकत तिथपर्यंत गेले, गंजलेली फासळी बोटाने ठोकून बघितली आणि म्हणाले, "माल चांगला होता."

आणखी एक भारी गोष्ट. ओरेगनचा सगळा समुद्रकिनारा लोकांचा आहे. १९६७ च्या बीच बिलने कुणालाही वाळूवर कुंपण घालायची सोय ठेवली नाही. पाणी मात्र उन्हाळ्यातही बर्फासारखं. शिवाय इथे अचानक मोठी लाट येऊन माणूस ओढला जातो, म्हणून समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. आपल्या जुहू चौपाटीचा हिशोब इथे लावू नका.

त्या रात्री शेजारच्या गाडीतलं रिटायर्ड जोडपं गप्पा मारायला आलं. घर विकून वर्षभर आरव्हीतच राहणारी ही माणसं. अशांना इथे 'फुल-टायमर' म्हणतात. त्यांनी बाबांना विचारलं, "अमेरिकेत पाहुणे म्हणून आलात का?" बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "नो, नो. आय अॅम मेकॅनिक."

मला वाटतं, या सगळ्या प्रकाराचं मर्म तिथे आहे. हॉटेलात सगळं आयतं मिळतं, म्हणून सगळेच पाहुणे होतात. आरव्हीत आयतं काहीच मिळत नाही. कुणीतरी पाइप लावावा लागतो, कुणीतरी पाणी मोजावं लागतं, कुणीतरी निघण्याआधी कपाटांच्या कड्या तपासाव्या लागतात. हे काम आमच्या सहा वर्षांच्या लेकीचं होतं आणि तिने एकदाही चुकवलं नाही. बाबांना आम्ही टॉयलेटची सोय म्हणून गाडीत बसवलं होतं. त्यांना खरी गरज कामाची होती.

आपल्याकडेही हा ट्रेण्ड हळूहळू येतोय. केरळने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी. पण तुमचा अमेरिकेत मुक्काम असेल, किंवा तिथल्या ताई-दादाकडे आई-बाबांना घेऊन जाणार असाल, तर हे नक्की करून बघा.

निघण्यापूर्वी...

* बुकिंग : सरकारी कॅम्पग्राउण्ड्सचं रिझर्व्हेशन साधारण सहा महिने आधी उघडतं. तळ्याकाठच्या आणि समुद्राजवळच्या साइट्स पटापट जातात. आधी साइट, मग गाडी.
* गाडीची लांबी : जुन्या जंगलातल्या कॅम्पग्राउण्ड्समध्ये लांब गाड्या मावत नाहीत. साइटची मर्यादा बघूनच गाडी निवडा.
* खरा खर्च : रोजचं भाडं हा फक्त ट्रेलर! मैलांचे पैसे, जनरेटरचे तास, इन्शुरन्स, साइटची फी आणि पेट्रोल वेगळं. अशी गाडी लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाते. आमचा पूर्ण राउण्ड सुमारे चौदाशे किलोमीटरचा होता, हिशोब करा.
* चालत्या गाडीत : सगळे सीटबेल्ट लावून बसलेले हवेत. किचन बंद.
* ब्लॅक टाकी : फुल हुकअप असलं तरी तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. बऱ्यापैकी भरली की मगच एकदम सोडा, नाहीतर पाणी निघून जातं आणि बाकीचं आत बसतं. कागद लवकर विरघळणारा वापरा.
* लाकूड : शेकोटीचं लाकूड तिथल्या तिथेच विकत घ्या. लाकडातून कीड पसरते. अॅश झाडं मारणारा भुंगा जून २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या फॉरेस्ट ग्रोव्हमध्ये सापडला.
* आवाज : रात्री दहानंतर जनरेटर बंद. सोबत कुणाचं मशीन विजेवर चालत असेल तर हुकअपचीच साइट घ्या.
* औषधं : फ्रीजमध्ये छोटा थर्मामीटर ठेवा आणि गाडी लेव्हलला आहे ना, ते रोज बघा.
* सर्वांत महत्त्वाचं : निघण्याआधी कामं वाटून घ्या आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला सर्वांत महत्त्वाचं काम द्या. नुसतं मन राखायला नाही. खरोखरचं, ज्याच्यावाचून गाडी हलणार नाही असं.